तोच आणि तसाच

तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे एका प्रतिज्ञापत्राचा मसुदा कायम तयार असतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे आणि सातबाऱ्यावर कुणीतरी ऐकून लिहिलेले तिसरेच, अशी एका बाईची तीन नावे तीन कागदांवर पडलेली असतात. वारसनोंदीची वेळ आली की ती जुळत नाहीत. मग शपथेवर लिहून द्यावे लागते, की ही सगळी नावे माझीच आहेत. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी ठरलेले शब्द आहेत, 'वन अँड द सेम पर्सन'. तिथे 'सेम'च्या जागी 'आयडेंटिकल' कुणी घालत नाही. घातला, तर कागदाचा अर्थच फिरेल. 'या तीन नावांच्या व्यक्ती आयडेंटिकल आहेत' असे म्हटले, की बायका तीन झाल्या आणि त्या दिसायला एकसारख्या आहेत एवढेच सिद्ध झाले. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या बाईच्या हातात तिच्याच विरुद्ध जाणारा कागद आला.

शब्दकोशात मात्र हे दोन शब्द एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. दोन्हींपुढे 'सारखा' हा अर्थ सापडतो. त्यामुळे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा असा समज होतो, की 'सेम' हा रोजच्या वापरातला शब्द आणि 'आयडेंटिकल' हा त्याचाच निबंधात शोभणारा भाऊ. खरा फरक मोजणीत आहे. आपण ज्याविषयी बोलतो आहोत ती वस्तू एक आहे की दोन, हे आधी ठरवावे लागते.

मराठी माणसाला हा फरक नव्याने शिकवायची गरज नाही, कारण तो आपल्या बोलण्यातच आहे. लग्नात नेसलेली साडी हळदीकुंकवाला पुन्हा नेसली, तर ती 'तीच साडी'. जावेने दुकानात जाऊन त्याच रंगाची, त्याच काठाची दुसरी आणली, तर ती 'तशीच साडी'. हरवलेल्या बाहुलीच्या जागी नवी आणून दिली, तर चार वर्षांची मुलगीसुद्धा 'तशी नको, तीच हवी' म्हणून हट्ट धरते. 'तोच' म्हटले की वस्तू एक. 'तसाच' म्हटले की निदान दोन. जर्मन भाषेतही या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीने मात्र 'सेम' या एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली. 'ही इज वेअरिंग द सेम शर्ट' या वाक्यातला माणूस कालचाच शर्ट घालून आला आहे, की त्याचा शर्ट मित्राच्या शर्टासारखा आहे, हे वाक्यावरून कळत नाही. मागचेपुढचे बोलणे ऐकावे लागते. 'दे आर वेअरिंग आयडेंटिकल शर्ट्स' म्हटले की शंका उरत नाही. शर्ट दोन आहेत आणि कापड, रंग, शिवण, बटणे यांत कुठेही फरक नाही. तसेच 'वुई स्टडी इन द सेम स्कूल' म्हणजे आपली शाळा एक. 'आयडेंटिकल स्कूल्स' म्हणजे एकाच नकाशावर बांधलेल्या दोन इमारती.

इंग्रजीच्या व्याकरणात या फरकाची एक खूण आहे आणि ती विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी असे मला वाटते. 'सेम'च्या आधी बहुधा 'द' येतोच, कारण 'द' आधी ठाऊक असलेल्या ठरावीक वस्तूकडे बोट दाखवतो. 'अ सेम बॅग' असे इंग्रजीत होत नाही. 'ॲन आयडेंटिकल बॅग' मात्र अगदी बरोबर आहे, कारण तिथे दुसऱ्याच एका बॅगेची गोष्ट चालू आहे. आपल्याकडचा 'सेम टू सेम' हा प्रयोग भारतीय इंग्रजीतला. त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी 'अगदी तसाच' असा असतो.

शब्दांची मुळे शोधायला गेले, तर चित्र उलटे दिसते. 'सेम' हा शब्द इंग्लंडमध्ये वसलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतून इंग्रजीत शिरला आणि तो आपल्या 'सम' या शब्दाचा सख्खा नातलग आहे. 'आयडेंटिकल' सतराव्या शतकात रूढ झाला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'इडेम' आहे आणि 'इडेम'चा अर्थ 'तोच'. म्हणजे ज्याच्या रक्तात 'तोच' आहे, तो शब्द आज रोजच्या बोलण्यात 'तसाच'साठी वापरला जातो. मूळ अर्थ 'आयडेंटिटी' या शब्दात टिकून आहे. आयडेंटिटी कार्ड तुम्ही कुणासारखे दिसता हे सांगत नाही, तुम्ही कोण आहात ते सांगते. असाच प्रवास 'हुबेहूब' या शब्दाचाही झाला आहे. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दात अरबी 'हू', म्हणजे 'तो', दोनदा आला आहे. म्हणजे 'तो तोच'. आपण मात्र तो चित्रासाठी, नकलेसाठी, वडिलांवर गेलेल्या मुलाच्या चेहऱ्यासाठी वापरतो. साम्य फार झाले की माणसाला ते एकत्वासारखे वाटू लागते आणि शब्द एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरतात. असे दोन दूरच्या भाषांत घडले, याचे मला फार नवल वाटते.

दोन वस्तू खरोखर आयडेंटिकल असू शकतात का, हा प्रश्न लायब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञाने फार गंभीरपणे घेतला होता. त्याचे म्हणणे असे, की निसर्गात तंतोतंत सारख्या दोन वस्तू सापडायच्याच नाहीत, आणि ज्या दोन वस्तूंत कसलाही फरक दाखवता येत नाही त्या मुळात दोन नसून एकच असणार. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेनच्या बागेत राजघराण्यातल्या सोफी हिच्यासमोर ही चर्चा चालली होती. तिथल्या एका गृहस्थाने सांगितले, की मी आत्ता दोन अगदी एकसारखी पाने शोधून आणतो. तो बागभर फिरला, पण तशी पाने काही त्याला मिळाली नाहीत. हा प्रसंग लायब्निट्सने स्वतः आपल्या पत्रव्यवहारात नोंदवून ठेवला आहे. पुढे कांटने यावर हरकत घेतली. पाण्याचे दोन थेंब आतून पूर्णपणे सारखे मानले, तरी ते दोन ठिकाणी आहेत एवढ्यानेच दोन ठरतात, असे त्याचे उत्तर होते. 1952 साली मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने त्याहून पुढची कल्पना मांडली. सगळ्या विश्वात लोखंडाचे फक्त दोन गोळे आहेत, आकाराने, वजनाने, चकाकीने सारखे, आणि दुसरे काहीच नाही. मग डावा-उजवाही सांगता येत नाही, कारण डावे कुणाच्या दृष्टीने म्हणायचे? तरी गोळे दोनच.

बागेतल्या पानांवरचा हा वाद कोर्टात पोचला की त्याला धार येते. जानेवारी 2009 मध्ये बर्लिनच्या काडेवे या भव्य दुकानात रात्री चोर शिरले आणि सुमारे 50 लाख युरोंचे दागिने घेऊन गेले. मागे एक हातमोजा राहिला आणि त्यातल्या घामात डीएनए मिळाला. पोलिसांच्या नोंदीत तो जुळलाही, पण एका माणसाशी नाही, दोघांशी. ते जुळे भाऊ होते. एकाच फलित बीजातून जन्मलेल्या अशा जुळ्यांना इंग्रजीत आयडेंटिकल ट्विन्स म्हणतात आणि त्या वेळच्या चाचण्यांना त्यांच्या डीएनएत फरक दिसत नव्हता. दोघांपैकी निदान एक जण तिथे होता, एवढे दिसत होते. कोणता, हे सांगता येत नव्हते. दोघांनाही सोडून द्यावे लागले. शिक्षा गुन्हा करणाऱ्यालाच व्हायला हवी. त्याच्यासारख्याला ती देता येत नाही, मग ते डीएनएच्या साखळीतल्या अक्षराअक्षरापर्यंत साम्य का असेना. त्या निर्णयाने चोर सुटला असेल, तरी तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो.

पुढे 2021 साली आइसलँडमधल्या संशोधकांनी असे जुळे बारकाईने तपासले. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात होणारे बदल मोजले, तेव्हा जुळ्यांमध्ये सरासरी पाचाच्या आसपास फरक सापडले. आयडेंटिकल ट्विन्स तंतोतंत आयडेंटिकल नसतात, हे आता विज्ञानाने मान्य केले आहे. बोटांचे ठसे तर त्यांचे आधीपासूनच वेगळे असतात, कारण ठशांच्या रेषा गर्भाशयातल्या वाढीच्या बारीकसारीक परिस्थितीवरही अवलंबून असतात. जुळी भावंडे आणि लायब्निट्सची पाने, दोन्हींची गोष्ट शेवटी एकाच ठिकाणी येते.

'तसाच' माणूस 'तोच' म्हणून पुढे आला की काय होते, याचा दाखला मराठ्यांच्या इतिहासात आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयीची शंका लोकांच्या मनातून गेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य पत्करले नाही. अशा वेळी भाऊंशी मिळताजुळता दिसणारा एक माणूस उभा राहिला आणि मीच भाऊ म्हणू लागला. तो उत्तरेकडचा कनोजा ब्राह्मण होता, सुखनिधान त्याचे नाव. त्याला पकडून चौकशी झाली, कैदेत ठेवले, तरी लोकांच्या मनातली आशा संपली नाही. 1776 मध्ये तो रत्नागिरीहून मोकळा झाला आणि कोकणात त्याच्याभोवती हजारो माणसे जमली. किल्ले त्याच्या हाती गेले. पुण्याच्या दरबाराला फौज पाठवावी लागली. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या घटनेवर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

तोतयाकडे चेहरा होता, आणि त्या काळी चेहऱ्याहून भक्कम ओळख कुठली असणार? पण चेहरा कितीही मिळाला तरी तो 'तसाच' एवढेच सांगतो. 'तोच' ठरवायला सलग धागा लागतो. पानिपतापासून इथवर हा माणूस कुठे होता, कुणाबरोबर होता, शनिवारवाड्यातल्या कोणत्या गोष्टी त्याला स्वतःच्या म्हणून ठाऊक आहेत? तोतयाला हा धागा दाखवता येत नव्हता. त्यानंतर शंभर वर्षांनी बंगालमध्ये हुगळीला असलेल्या विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यापुढे हीच अडचण लहान रूपात होती. पेन्शन घ्यायला आलेला म्हातारा तोच आहे, की तो वारल्यावर त्याचा कुणी नातलग त्याच्या नावावर पैसे नेतो आहे? 1877 च्या सुमारास हर्शेलने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. चेहरा वयाबरोबर बदलतो. ठसा तसाच राहतो आणि दुसऱ्या कुणाचा सहसा तसा नसतो. ठसा तसाच असेल तर माणूस तोच, या तर्कावर पुढे सगळी ठसेशास्त्राची इमारत उभी राहिली. 1897 साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले आणि तिथे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणात मोलाचे काम केले.

देण्याघेण्यातही हा फरक रोज पाळला जातो, फक्त कुणी त्याचे नाव घेत नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत करताना तीच साखर द्यायची नसते. तेवढीच, तशीच द्यायची असते. पाटल्या गहाण ठेवल्या, तर मात्र सोडवताना त्याच पाटल्या हव्यात. तेवढ्याच वजनाच्या, त्याच घडणीच्या दुसऱ्या कुणी दिल्या, तर घरात रडारड होईल, आणि कायदाही त्या बाईच्या बाजूने उभा राहील. शेअरबाजारात पूर्वी प्रत्येक कागदी शेअरला स्वतःचा क्रमांक असे. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने डीमॅट शेअर एकमेकांच्या जागी चालणारे ठरवले आणि 'माझा तो शेअर' ही गोष्टच संपली. शंभर शेअर आहेत, पण कोणते हे विचारण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या दार्शनिकांनी या प्रश्नावर शेकडो वर्षे वाद घातला आणि तो वाद मला युरोपातल्या वादाहून अधिक सूक्ष्म वाटतो. पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा पाहून 'ही तीच' असे जे ज्ञान होते, त्याला त्यांनी प्रत्यभिज्ञा म्हटले. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आता इथे भेटला, तर 'हा तोच देवदत्त' असे आपण म्हणतो. स्थळ वेगळे, काळ वेगळा, कपडे वेगळे, तरी देवदत्त एक. वस्तू टिकून राहते याचा हा भक्कम पुरावा, असे नैयायिकांचे म्हणणे. बौद्धांनी त्यावर नेमके बोट ठेवले. कापल्यावर पुन्हा वाढलेले केस आणि नखे आपण 'तीच' म्हणतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत 'तीच' म्हणतो. प्रत्यक्षात क्षणाक्षणाला नवी ज्योत उठते आणि ती आधीच्या ज्योतीसारखी असते, एवढेच. म्हणजे 'तोच' हे ज्ञान साम्यामुळे होणारी फसगतही असू शकते. त्यांच्या मते सगळ्याच वस्तू या ज्योतीसारख्या आहेत.

याच वादाचा एक धागा उच्चारापर्यंत गेला. 'गाय', 'गवत', 'गाव' या शब्दांत तीनदा आलेला 'ग' एकच आहे, की तीन वेगळे 'ग' आहेत? मीमांसक म्हणत, तोच एक नित्य 'ग', उच्चार फक्त त्याला प्रकट करतो. नैयायिक म्हणत, प्रत्येक उच्चारागणिक नवा 'ग' जन्मतो आणि नाहीसा होतो. ते सगळे एका जातीचे असल्यामुळे आपल्याला तोच वाटतो. वेद नित्य आहेत की नाहीत, हा मोठा प्रश्न या एवढ्याशा 'ग'वर टांगलेला होता, म्हणून दोन्ही पक्षांनी माघार घेतली नाही.

विसाव्या शतकात हा वाद पदार्थविज्ञानात गेला, आणि तिथे 'आयडेंटिकल' या शब्दाला अखेर त्याचा पूर्ण अर्थ मिळाला. दोन नाणी उडवली, तर चार शक्यता असतात: दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिले छापा दुसरे काटा, पहिले काटा दुसरे छापा. शेवटच्या दोन शक्यता वेगळ्या मोजायच्या, कारण नाणी कितीही सारखी असली तरी दोन वेगळी नाणी आहेत. 1924 साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी करताना या शेवटच्या दोन शक्यता एकच धरल्या. पहिला कण आणि दुसरा कण असे म्हणायला काही आधारच नाही, असे त्या मोजणीत गृहीत होते. त्या मोजणीतून प्लँकचे प्रारणाचे सूत्र अगदी सरळ निघाले. बोस यांनी तो निबंध आइन्स्टाइनला पाठवला, त्याने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. लायब्निट्सला बागेत जी पाने सापडणार नाहीत याची खात्री होती, ती बोस यांच्या कागदावर सापडली होती.

इलेक्ट्रॉन मोजण्याचे नियम प्रकाशकणांहून वेगळे, पण इलेक्ट्रॉनही असेच एकसारखे. कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांत वस्तुमान, भार, फिरकी यांत शून्य फरक. 1940 मध्ये प्रिन्स्टनला जॉन व्हीलरने आपला विद्यार्थी रिचर्ड फाइनमनला फोन करून सांगितले, की हे सगळे इलेक्ट्रॉन एवढे सारखे का आहेत ते मला कळले: तो एकच इलेक्ट्रॉन आहे. काळात पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि प्रत्येक वेळी आपल्याला तो दुसराच वाटतो. मागे येताना तो पॉझिट्रॉन म्हणून दिसतो. जगातले सगळे 'तसेच' एका 'तोच'मध्ये विरघळवणारी ही कल्पना होती. फाइनमनने लगेच विचारले, मग इलेक्ट्रॉनांइतकेच पॉझिट्रॉन का दिसत नाहीत? त्या प्रश्नाला टिकाऊ उत्तर मिळाले नाही. काळात मागे जाणारा इलेक्ट्रॉन ही कल्पना फाइनमनने मात्र उचलली आणि आपल्या कामात वापरली. 1965 च्या नोबेल व्याख्यानात त्याने हा फोन आठवून सांगितला आहे.

इलेक्ट्रॉन 'तसेच' आहेत पण 'तोच' नाहीत, हे हेलियमच्या अणूत उघड दिसते. त्या अणूत इलेक्ट्रॉन दोन असतात. एकच असता तर केंद्रातल्या दोन प्रोटॉनांचा भार भरून निघाला नसता आणि अणू उदासीन राहिला नसता. त्या दोघांची अदलाबदल केली, तरी अणूत ओळखता येईल असे काहीच बदलत नाही. ही अट अणू दोन रीतींनी पाळू शकतो, आणि एका रीतीतून तो दुसरीत सहजासहजी जात नाही. म्हणून हेलियमच्या वर्णपटात रेषांची दोन वेगवेगळी कुटुंबे दिसतात. 1895 साली रुंगे आणि पाशेन या जर्मन शास्त्रज्ञांना ही दोन कुटुंबे दिसली, तेव्हा हे दोन वायूंचे मिश्रण असावे असे त्यांनी सुचवले होते. 1926 साली हायझेनबर्गने या रेषांचे गणित मांडले. वायू एकच होता. त्यातले इलेक्ट्रॉन दोन होते, आणि ते आयडेंटिकल असल्यामुळेच रेषांची कुटुंबे दोन झाली होती.